गळ काढायची हत्यारं: आधी कटर, मग पक्कड

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण. लोहारा, जि. यवतमाळ)

जाळ्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. जाळं कोणत्या आसाचं घ्यावं, फाटलं तर कसं विणावं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना माझ्यापेक्षा चांगलं येतं. आज गळाबद्दल बोलू. आपल्याकडे कुणी गळ म्हणतं, कुणी गरी. तो टाकायचा कसा हे शिकवायला घरात माणसं असतात. माशाच्या तोंडातून, आणि वेळ आलीच तर आपल्या हातातून तो काढायचा कसा, आणि त्यासाठी कोणती हत्यारं जवळ ठेवायची, हे मात्र कुणी बसून सांगत नाही.

गळाला लागणारा प्रत्येक मासा त्रास देत नाही. रोहू, कतला, मृगळ यांच्या जबड्यात दात नसतात. बोट घातलं तरी फारसं बिघडत नाही. त्रास आहे तो शिकारी माशांचा. मरळ, शिवडा, शिंगाळा, शिंगी. मरळीच्या जबड्यातही दात आणि टाळूवरही दात. शिवड्याच्या तोंडात तर बारीक दातांचे पट्टेच्या पट्टे, आणि सगळे आतल्या बाजूला वळलेले. घोटाळा असा की हेच मासे आमिष घाशात खोलवर गिळतात आणि याच माशांना बाजारात भाव आहे. बेंबळ्याच्या धरणावर, दिग्रसकडे अरुणावतीवर, पुसदच्या पूस नदीत, खाली पैनगंगेत, किंवा गावच्या पाझर तलावात असा मासा लागला की आनंद होतो. आणि त्या आनंदाच्या भरातच हात तोंडात जातो.

अमेरिका आणि कॅनडाच्या तळ्यांत मस्की नावाचा एक मासा आहे. लांबट अंगाचा, बदकासारख्या चपट्या तोंडाचा, दातांनी भरलेला, आणि मरळीसारखाच पाणगवतात दबा धरून बसणारा. विस्कॉन्सिन राज्याचा तर तो राज्यमासा आहे. तिकडे तो बहुतेक जण हौसेखातर पकडतात आणि परत सोडतात. त्यांच्या आमिषाला तीन-तीन टोकांचे गळ असतात. एक टोक माशाच्या जबड्यात, दुसरं मोकळं, आणि मासा तडफडला की ते मोकळं टोक माणसाच्या पंजात. त्यामुळे मस्की धरणारा जाणता माणूस तीन वस्तूंशिवाय पाण्यावर जात नाही: गळ कापणारा कटर, लांब पक्कड आणि मोठी जाळी. त्यांची महागडी दुकानं आपल्या कामाची नाहीत. पण त्यांचा विचार आपल्या कामाचा आहे, कारण हल्ली आपल्याकडेही शहरातले हौशी लोक रबराची बेडकी घेऊन मरळीसाठी धरणावर येतात, आणि तशा दोन-तीन टोकांचे गळ आपल्याही पोरांच्या हातात दिसायला लागले आहेत.

आता मी कटर आधी का म्हणते? बहुतेक जणी आधी हातमोजे घेतात, कुणी पक्कड घेते, आणि कटर कुणीच घेत नाही. त्यासाठी गळाची घडण एकदा नीट बघा. एका टोकाला नेढं, त्यात दोरी. मग सरळ दांडी, मग वळण, मग टोक. टोकाच्या आतल्या बाजूला एक उलटा दात असतो. खरी करामत त्या दाताची. आत जाताना तो आडवा येत नाही, बाहेर येताना मांस धरून बसतो. म्हणून रुतलेला गळ आला त्याच वाटेनं ओढला की मांस फाटतं, मग ते माशाचं असो की आपलं. कटरनं मात्र गळाचे दोन तुकडे होतात आणि मग ओढायची वेळच येत नाही. टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेलं असेल तर दातासकट टोक कापायचं आणि उरलेली दांडी मागे काढून घ्यायची. मासा आणि हात एकाच गळात अडकले असतील तर मधेच कापून दोघांना वेगळं करायचं. हे काम पक्कडीनं होत नाही, विळीनं होत नाही, आणि दातानं तर नाहीच नाही.

कटर घेताना एक फसगत होते. दुकानदार साधा वायरमनचा साईड कटर काढून देतो. तो तांब्याची तार लोण्यासारखी कापतो. गळाचं पोलाद मात्र कडक असतं. बारीक गळ त्यानं तुटेल, पण शिवड्याचा जाड गळ दाबला तर कटरच्याच धारेला खाच पडते. म्हणून दुकानात जाताना आपण वापरतो तो सगळ्यात जाड जुना गळ चिंधीत गुंडाळून सोबत न्या. दुकानदाराला सांगा, भाऊ, हा कापून दाखवा. कापला की धार उजेडाकडे धरून बघा. खाच पडली असेल तर ते आपल्या कामाचं नाही. मोठे गळ वापरणाऱ्यांनी छोटा बोल्ट कटर घ्यावा. आठ इंचाचा मिळतो, पिशवीत मावतो. त्याच्या दांड्यांची रचनाच अशी असते की कमी जोरात जास्त दाब पडतो, त्यामुळे बारीक हाताच्या बाईलाही जमतं. यवतमाळच्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळायला हरकत नाही. मासेमारीचं सामान म्हणून विचारू नका, बोल्ट कटर म्हणूनच विचारा.

कापताना तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. म्हणून गळावर ओलं फडकं टाकूनच कापायचं आणि तोंड बाजूला वळवायचं. दुकानात परीक्षा घेतानासुद्धा.

आता पक्कड. तिचं रोजचं काम माशाच्या तोंडात. आपल्या घरात असते ती जाड तोंडाची पक्कड, खिळे उपटायची. ती मरळीच्या तोंडात शिरत नाही, शिरली तर गळ दिसेनासा होतो. हवी ती लांब नाकाची, ज्याला दुकानात नोज प्लायर म्हणतात. सहा इंची घेतली तर मोठ्या मरळीच्या तोंडात आपली बोटं दातापर्यंत जातात, म्हणून किमान आठ इंची घ्या. शिवडा धरणाऱ्यांनी त्याहून लांब मिळाली तर तीच घ्यावी. एक साधी परीक्षा आहे. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. नाकाची टोकं आधी मिटली पाहिजेत. टोकाशी फट राहत असेल तर ती गळाची बारीक दांडी धरणार नाही, निसटेल, आणि निसटली की हात सरळ दातावर. दुसरी परीक्षा: टोकात शिवणाचा एक धागा धरून ओढा. धागा सुटला नाही तर पक्कड चांगली. जोडाचा खिळा हलतो का तेही बघा. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियासारख्या देशी कंपन्यांच्या पकडी गावोगावी मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. परदेशी रंगीत ॲल्युमिनिअमच्या पकडी चित्रात सुंदर दिसतात, पण आपल्या कामाला साधी पोलादी पुरे. ती गंजते एवढंच. त्याला उपाय शिलाई मशीनच्या तेलाचा. घरी आल्यावर पुसायची, जोडावर दोन थेंब सोडायचे, उघडमीट करायची. आणि पक्कडीला हातभर दोरी बांधून ती कमरेला अडकवा, मुठीला लाल चिंधी गुंडाळा. पाण्यात पडलेली पक्कड बुडतेच, आणि चिखलात काळी पक्कड कुणाला सापडत नाही.

गळ काढायची रीतही सांगते. मासा ओल्या गोणपाटावर ठेवायचा, डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं. अंधार झाला की मासा बराच शांत होतो. कोरड्या हातानं, कोरड्या कपड्यानं धरू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजेच त्याची रोगापासूनची राखण. कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका, तिथे रक्त असतं, फाटलं की मासा गेला. मग नाकाच्या पक्कडीनं गळ वळणापाशी धरायचा, दांडीपाशी नाही. वळण धरून गळ उलटा फिरवायचा, म्हणजे टोक ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं परत येतं. एक झटका, पण सरळ ओढ नाही. तोंड उघडं राहत नसेल तर बांबूची बोटाएवढी कांडी दोन जबड्यांच्या मधे आडवी बसवा. शहरात जबडा फाकवायचा तारेचा चिमटा मिळतो, त्याची टोकं टाळूत रुततात. त्यावर पैसे घालवू नयेत असं मला वाटतं. बांबू फुकट आहे आणि मऊही आहे.

एवढी काळजी माशाची कशाला, असं कुणी विचारेल. त्याला कारण पैशाचं आहे. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, पाण्यावर येऊन हवा घेते. म्हणून ओल्या टोपलीत, थोड्या पाण्यात ती कितीतरी वेळ जिवंत राहते, आणि गिऱ्हाईक जिवंत मरळ बघूनच भाव देतं. जबडा फाटलेली, कल्ल्यातून रक्त येणारी मरळ बाजारापर्यंत टिकत नाही. मेलेल्या मरळीचा भाव वेगळाच, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पक्कडीची किंमत दोन-चार मरळींच्या फरकातच भरून निघते.

गळ घशाच्या आत गेला असेल तर पक्कडीनं चाचपडत बसू नका. आतून ओढलेल्या गळाबरोबर आतडं येतं. दोरीच कापा. पण कापताना विचार करा, हा मासा कुठे जाणार आहे? परत पाण्यात सोडायचा असेल तर दोरी तोंडापाशी अगदी जवळ कापा. आत गळ राहिलेला मासा, आतून ओढून काढलेल्या माशापेक्षा जगण्याची आशा जास्त. विकायचा असेल तर मात्र उलट करा: वीतभर दोरी तोंडाबाहेर लोंबती ठेवा. ती खूण आहे. कापणाऱ्या बाईला कळतं की आत गळ आहे, आणि ती विळीवर बसताना सावध होते. बाजारात मासे कापून देणाऱ्या आपल्याच बाया असतात. गळ घालणारा कुणी वेगळा, मासा आणणारा वेगळा, आणि बोटात गळ घुसतो तो हिच्या. कधी तर तिच्याही नजरेतून सुटतो आणि गिऱ्हाइकाच्या ताटात जातो. मग त्या घरचं लेकरू आणि आपला धंदा, दोन्ही धोक्यात.

त्यासाठी मोजणी लागते. लांब दोरीला ओळीनं गळ लावून रात्रभर ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. टाकताना गळ मोजा, सकाळी काढताना मोजा. पन्नास टाकले आणि अठ्ठेचाळीस आले, तर दोन कुठेतरी आहेत. पाण्यात तुटले, की माशाच्या पोटात गेले, की काठावर गवतात पडले, ते शोधायचं. काठावर पडलेल्या गळावर उद्या एखाद्या बकरीचं तोंड जाणार आहे किंवा पोराचा पाय. तुटकी तंगूसही तशीच, बगळ्याच्या पायात गुरफटली की त्याला सुटता येत नाही. गळ ठेवायला फाटक्या रबरी चपलेचा तळ उत्तम. पट्ट्या कापा, एका पट्टीत दहा गळ खोचा. मोजणी आपोआप होते आणि पिशवीत हात घालताना टोचतही नाही.

पक्कडीचं आणखी एक काम आहे, ते फार थोडे करतात. गळाचा उलटा दात पक्कडीनं दाबून चपटा करता येतो. मग गळ माशाच्या तोंडातून चटकन निघतो आणि हातात घुसला तरी आला तसा बाहेर येतो. पण इथे सरसकट सल्ला देणार नाही. काठीला गळ लावून हातात धरून बसणार असाल, दोरी ताणलेली ठेवणार असाल, तर दात दाबून टाकावा. मासा फारसा सुटत नाही. लहान पोरं गळ टाकत असतील तर दाबलेला दातच हवा, तिथे दुसरा विचार नको. रात्रभर पाण्यात ठेवायच्या दोरीला मात्र दात लागतो. दोरी सैल राहते, दात नसेल तर मासा झटकून जातो. दाबताना हळू दाबा, हलक्या प्रतीचा गळ तिथेच मोडतो. मोडला तर बरंच झालं, तो मरळीच्या ओढीलाही मोडलाच असता.

जाळीबद्दल थोडंसं. मासा दोरीनं उचलून काठावर आपटण्यापेक्षा दांडीच्या जाळीत, म्हणजे झेल्यात, घेतलेला बरा. गळ अडकलेला मासा हवेत लोंबकळतो तेव्हा तो झटके देतो, गळ सुटून सरळ ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो. झेला खोल हवा, आणि जाळी जाड मऊ दोऱ्याची. बारीक तंगुसाच्या जाळीत गळाची मोकळी टोकं गुरफटतात आणि माशाचे पंखही चिरतात.

चष्म्याबद्दल मात्र जास्त बोलणार आहे. धरणाच्या पाण्यात जुनी झाडं, बाभळीची खोडं, शेताच्या कुंपणाच्या तारा बुडालेल्या असतात. गळ अडकला की आपण काय करतो? दोरी मुठीत धरतो आणि जोर लावून मागे ओढतो. तंगूस रबरासारखी ताणते. गळ सुटला की तो आणि त्याच्या सोबतचं शिसं ताण घेऊन नेमकं ओढणाऱ्याच्या डोळ्याकडे येतं. वेल्डिंगच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये बिनरंगाचा साधा संरक्षक चष्मा मिळतो, त्याला फार पैसे पडत नाहीत. अडकलेला गळ सोडवताना तो घाला, आणि तोंड फिरवून, बाजूला उभं राहून ओढा. दोरी बोटाला, मनगटाला गुंडाळून ओढू नका. तंगूस मांसात उतरते, आणि हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्या फुटून वेगळीच जखम. दोरी लाकडाच्या कांडीला दोन वेढे घालून ती कांडी ओढा. पदर खोचलेला, ओढणी कमरेला बांधलेली असावी. वाऱ्यानं उडालेल्या पदरात गळ अडकला की आपण पदर सोडवायला झटकतो, आणि झटकलेला गळ कुठे जाईल याचा नेम नाही.

हातमोजे शेवटी. सुती मोजे गळाला अडवत नाहीत, उलट गळ मोज्यात अडकतो आणि हात मागेही घेता येत नाही. वेल्डरचे चामडी मोजे माशाच्या दातापासून आणि शिंगाळ्याच्या काट्यापासून थोडेफार वाचवतात, पण त्यात बोटं नीट चालत नाहीत. एका हातात, मासा धरायच्या हातात घालायला हरकत नाही. दुसरा हात मोकळा, त्यात पक्कड. पैसे कमी असतील तर मोजे राहू द्या.

एवढं सगळं असूनही गळ हातात गेलाच तर?

पहिली गोष्ट, ओढू नका. बाजूचा कुणी ओढायला धावला तर त्यालाही थांबवा. मासा त्याच गळावर असेल तर दुसरीनं तो ओल्या फडक्याखाली घट्ट दाबून धरायचा आणि गळ किंवा दोरी कापून मासा वेगळा करायचा. एकटी बाई हे करू शकत नाही, म्हणून शिकारी माशाच्या गळावर एकटीनं जाऊ नये. मग स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जागा धुवा. दात दाबलेला गळ असेल आणि वरच्या कातडीत असेल तर दांडी कातडीकडे दाबून, वळणाला मागच्या दिशेनं अलगद काढता येतो. टोक दुसरीकडून बाहेर आलेलं असेल तर कटरचं काम, ते वर सांगितलं. पण उलटा दात आत असेल, गळ खोल असेल, बोटाच्या सांध्यात, तळहातात, चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल, तर घरी काहीही करू नका. गळ हलणार नाही असा कपड्यानं बांधा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर जागा बधिर करून तो काढतात. डोळ्यात किंवा पापणीत असेल तर त्याला हात लावायचा नाही, दाबायचं नाही, पाणीही मारायचं नाही. कागदाचा पेला त्यावर उपडा ठेवून, डोळ्याला दाब बसणार नाही असा बांधा आणि १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवा. लोहाऱ्याच्या आसपास असाल तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे, तिथे थेट न्या.

गळ निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. डबक्याच्या, तलावाच्या पाण्यातले जंतू जखमेत गेलेले असतात. जखमेवर चुना, तंबाखू, शेण, राख काही लावू नका. हळदही नको. भोक बारीक आणि खोल असतं, वरून लावलेलं आत पोचत नाही, फक्त तोंड बुजतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. गळाच्या घाणेरड्या जखमेला, शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. सरकारी केंद्रात ते मिळतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत जागा लाल झाली, गरम लागली, पू आला, बोट वाकेनासं झालं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. साखरेचा आजार असलेल्या बाईनं तर वाटही बघू नये.

शिंगीचं प्रकरण निराळं. तिच्या दोन्ही बाजूंच्या पंखांत काटे असतात आणि त्यांना विष असतं. लागली की हात खांद्यापर्यंत ठणकतो. हात बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका. सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. ते विष उष्णतेनं निकामी होतं आणि ठणका उतरतो. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हातानं बघा. ठणकणाऱ्या हाताला भाजलेलंही कळत नाही. काटा आत मोडला असेल, सूज वाढत असेल किंवा दम लागत असेल तर दवाखाना. म्हणून शिंगी गळाला लागली की हातानं धरायचीच नाही. झेल्यात असतानाच लांब पक्कडीनं गळ फिरवून ती सरळ मडक्यात सोडायची. मडकं झाकायला विसरू नका, शिंगीला भिंत अडवत नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट बघा. उथळ पाण्यात, पाणगवतात तांबूस-नारिंगी पिलांचा घोळका वर-खाली करताना दिसतो. ती मरळीची पिलं. आई-बाप खाली राखण करत असतात आणि पिलांजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतात, आमिषावरही. म्हणून तेव्हा मरळ सहज लागते. पण ती उचलली की पिलं उघडी पडतात आणि बाकीचे मासे दोन दिवसांत त्यांचा फडशा पाडतात. राखणीची मरळ गळाला लागली तर सोडा. इथेही कटरच कामाला येतो: गळ खोल असेल तर दोरी कापा आणि पाण्यातच मोकळी करा, वर काढूच नका. गोंदियाकडच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या बायांनी तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावून देशी माशांना जागा करून दिली आहे. तिथल्या बायांना पिलांच्या घोळक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एक मासा मात्र कधीच परत सोडू नका, तो थाई मागूर. तो पाळायला आणि विकायला बंदी आहे, आणि पाण्यात गेला की आपली शिंगी, मरळीची पिलं, सगळं खातो.

आता खर्च. प्रत्येक बाईनं सगळं घ्यावं असं नाही. पक्कड प्रत्येकीची स्वतःची हवी. कटर आणि झेला दोघी-तिघींत एक चालेल, पण तो घरी नाही, पाण्यावर हवा. चष्मे गटानं एकदम घेतले तर स्वस्त पडतात. बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून एवढी रक्कम सहज निघते. खरेदीचा ठराव वहीत लिहा आणि हत्यारं कोणाकडे आहेत तेही लिहा. नाहीतर कटर एखाद्या घरी वायर कापायला जातो आणि गळाच्या दिवशी मिळत नाही.

विम्याचंही बोलून टाकते, कारण ते बायांपर्यंत पोचत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि अपघातानं दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. गळानं डोळा गेला तर तो याच अपघातात मोडतो. पण नाव नोंदलेलं असलं पाहिजे. मच्छीमार सहकारी संस्थेच्या यादीत बऱ्याच घरांतून एकट्या नवऱ्याचं नाव असतं, आणि काठावर बसून गळ काढणारी, मासे वाहणारी, कापणारी बाई यादीत नसते. संस्थेच्या सचिवांकडे जाऊन यादी बघायला मागा. नाव नसेल तर आधारकार्ड, बँकेचं पासबुक आणि फोटो घेऊन जा आणि अर्जाची पोच घ्या. यंदाच्या अटी यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारता येतील, चार-पाच जणी मिळून गेलात तर लवकर उत्तर मिळतं. आणि कुणाला गळ लागून दवाखान्यात जावं लागलंच, तर केसपेपर, औषधांच्या पावत्या, भरती केल्याचा आणि सुट्टी दिल्याचा कागद, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, ओल्या टोपलीपासून लांब.